सुट्या भागांत सायकल

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांग लिहिलाय, पण प्रत्यक्षात उभ्यानेच घालतोय. खोलीत आडवं व्हायला एकच जागा आहे आणि तिथे सध्या बाबांची सायकल आडवी झालीय.

बातमी अशी की मी कामाला लागलो. हसून घे, मग पुढे वाच. घर सोडताना बाबांनी त्यांची रेसर मला दिली, तेव्हापासून ती लॉन्ड्रीवाल्याच्या जिन्याखाली उभी होती आणि तो तिच्यावर लोकांच्या चादरी वाळवायचा. परवा म्हणाला, एकतर सायकल वर ने, नाहीतर तिचंही भाडं दे. वर आणली. गंज खरवडला तर खालून काय पोलाद निघालं म्हणून सांगू. टिचकी मारली की पितळी भांड्यासारखा आवाज येतो.

बेत असा: फ्रेम जुनी, बाकी सगळं नवं. नवं म्हणजे जुन्या बाजारातलं नवं, कारण फर्निचरच्या गोदामात कपाटं उचलून जे मिळतं त्यात दुकानातलं नवं नुसतं काचेबाहेरून बघता येतं. गिअर जास्त हवेत. बाबांनी पाच गिअरवर आयुष्य काढलं. तेव्हा चढ बहुतेक कमी असावेत.

तर गिअर बघायला जुन्या बाजारात गेलो, आणि तिथे एकजण दुर्बिणी विकत होता. एका भिंगातून धूसर दिसतं म्हणून स्वस्तात देत होता. गिअर राहिले. पण दुर्बीण झकास आहे. समोरच्या गच्चीवरचे गृहस्थ मधमाशा पाळतात हे मला इतके दिवस माहीतच नव्हतं. जाळीची टोपी घालून पेटीवर असे वाकतात, जणू आत बाळ झोपलंय.

हां, सायकल. काढलेले जुने भाग सोबत पार्सलाने पाठवतोय: ब्रेक, गिअरच्या दांड्या, दातेरी चक्र, दोन्ही चाकं. इथे ठेवायला जागा नाही. टाकू नकोस. आणि बाबांना विचार, डावं पेडल का निघत नाही. मी पान्ह्यावर उभा राहिलो, लॉन्ड्रीवाला माझ्या खांद्यावर रेलला, तरी ते ढिम्म.

लोभ आहेच, तो पार्सल उघडल्यावरही टिकावा.

तुझा,
भिंगरी

२१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. निम्मे तुला, निम्मे सायकलीला. तिला जास्त गरज आहे.

डावं पेडल उलट्या दिशेने उघडतं. तू आणि तुझा लॉन्ड्रीवाला, दोघांनी जीव खाऊन ते आवळलंत. हे बाबांना विचारावं लागलं नाही. ती सायकल दर रविवारी मी पुसायचे. तू चाकाच्या तारांमध्ये पत्ते अडकवून फटफट आवाज काढायचास आणि वर ओरडायचास की माझ्या फटफटीला हात लावू नका.

पार्सल पोचलं. गोणपाट उघडल्यावर घरभर असा वास सुटला की खालच्या बाईंनी गळती कुठे आहे म्हणून विचारलं. मला वाटलं बाबा चिडतील. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, सगळे भाग ओळीने मांडले आणि रॉकेलची बाटली मागितली. जन्मभर त्या सायकलवर दारोदार फिरून पाण्याचे मीटर वाचले माणसाने. रेसची सायकल, आणि धावायची कुणाशी, तर गळक्या नळांशी. आता रोज सकाळी खुर्ची ओढून चाकांतले छर्रे निवडत बसतात, तांदळातले खडे निवडावेत तसे.  मीही लॅबमधून कवळ्यांना चकाकी आणायची पेस्ट आणली आणि दातेरी चक्र घासलं. लॅबच्या मालकीणबाई म्हणाल्या, इतके चांगले दात आपण गिऱ्हाइकाला आजवर दिलेले नाहीत.

आणखी एक. तुला सायकल मिळाली तेव्हा मीही मागितली होती. तू पिशवी भरत होतास, तुझं लक्ष नव्हतं. बाबा म्हणाले, तुला कुठे जायचंय? मला रोज दोन बस बदलून लॅबमध्ये जायचं असतं, हे त्यांना माहीत होतं. तुला कुठे जायचं होतं, ते तुलाही माहीत नव्हतं. असो.

दुर्बिणीतून दुसऱ्यांच्या गच्चीत बघू नये. मार बसतो.

जेवत जा. लोभ ठेव, कपाटं पायावर पाडून घेऊ नकोस.

ताई

१७ मार्च

ती. ताईस,

सा. न. पेडल निघालं. लॉन्ड्रीवाल्याला सांगितलंच नाही की ते उलटं फिरतं. त्याला वाटतं मी रात्रीतून ताकद कमावली.

मधली ती मागण्याची गोष्ट वाचली. मला खरंच माहीत नव्हतं. पण तू तेव्हा जोरात मागायला हवी होतीस ना. तू मागतेस म्हणजे कशी, तर मीठ आहे का विचारल्यासारखी.

कामाची प्रगती दांडगी आहे. जुन्या बाजारात ब्रेक मिळाले, त्यांना केबल नव्या टाकल्या. टायर आणि चेन एका सायकल क्लबच्या पोराकडून घेतली. त्याला दर तीन महिन्यांनी चेन जुनी वाटते, देव त्याचं भलं करो. त्याच्याचकडून चाकंही आणली, पुढचं साधं आणि मागचं भरपूर गिअरवालं, वजनाला पापडासारखं. खोलीवर आणून लावायला गेलो तर फ्रेमच्या दोन पायांत मागचं मावतच नाही. बोटभर जास्तच रुंद आहे. आता हे आधी मोजायला हवं होतं, हे तू म्हणणारच आहेस, म्हणून मीच म्हणून टाकतो.

लॉन्ड्रीवाल्याचं म्हणणं, पोलाद आहे, फळी घालून फाकव, गुमान फाकेल. मी फळी घातलीसुद्धा. जरा जोर दिला तर आतून कुरकुर आवाज आला आणि जोडाजवळचा रंग उडाला. थांबलो. म्हणजे त्याच वेळी समोरचे मधमाशीवाले हाक मारत होते म्हणूनही थांबलो. (मार बसला नाही. मी दुर्बिणीतून बघतो हे त्यांना कळलं होतं. उलट टोपी दिली.) ताई, पेटी उघडतात तेव्हा मधमाशा चावत नाहीत, विचार करतात. चावायचं की नाही, यावर त्यांची बैठक बसते. मला तीनच चावल्या.

तर मागचं जुनं चाक परत पाठव. मीच पाठवलं होतं हे आठवतंय. तुला तिथे त्याचा काय उपयोग?

बाबांना नमस्कार. फळीचं सांगू नकोस.

लोभाबरोबर चाकही यावं.

भिंगरी

२६ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. चाक मिळणार नाही, ते कामावर जातं.

नीट सांगते. बाबांनी सगळे भाग साफ करून, तेल घालून ठेवले. मग ते नुसते बसून राहिले. मला ते बघवेना. भंगारवाल्याकडे गेले आणि एक फ्रेम आणली. कुणाच्या तरी फाटकाची पट्टी तोडून जोडल्यासारखी आहे, रंग औषधाच्या बाटलीचा. बाबांनी तिच्याकडे बघून तोंड फिरवलं, पण पान्हा हातात घेतला. चाकाच्या तारा मी आवळल्या; कवळी घासताना केसभर फरक बोटाला कळतो, तोच हिशोब. दोन्ही चाकं, ब्रेक, चक्र, सगळं बाबांचं. फ्रेम तेवढी भिकार. हँडल उजवीकडे ओढतं, त्यामुळे मी रस्ताभर डावीकडे वळणाऱ्या बाईसारखी दिसते. बसायला घेतलं की कुणाचं तरी हाड मोडल्यासारखा आवाज येतो. लॅबमध्ये सगळ्या हसतात. मी रोज तिच्यावरूनच जाते. दोन्ही बसचा पिच्छा सुटला.

फळीचं तू सांगू नको म्हणालास. पण पत्र बाबांनी आधी उघडलं. त्यांनी ते घडी घालून ठेवलं, पंखा बंद केला आणि उकाड्यात बसून राहिले. जेवायला हाक मारली तर म्हणाले, भूक फाकली.

मी त्यांना विचारलं, फ्रेम मागवून घेऊ का? म्हणाले, दिलेलं परत मागत नाहीत. मग मीही मागत नाही. पण तुला एवढं कळावं की तिथे तुझ्याकडे सांगाडा आहे आणि इथे माझ्याकडे बाकीची सायकल, आणि दोन्हीकडे कुणीही धड बसलेलं नाही.

मधमाशांना विचार करायला सवड मिळते याचा हेवा वाटला.

लोभ आहे. वाढवायला जागा नाही, तुझं सामान आहे.

ताई

९ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. तुझं पत्र वाचलं आणि प्रश्न चुटकीसरशी सोडवला. फ्रेम तू घे.

झालं असं, मधमाशीवाले गृहस्थ येत्या आठवड्यात पेट्या ट्रकमध्ये घालून डोंगरात चाललेत, तिकडे फुलं सुरू झालीत. त्यांना हाताखाली माणूस हवा आहे. गोदामात सांगून टाकलं. मालक म्हणाला, तू होतास हेच अजून नीट लक्षात आलं नव्हतं. अशा वेळी सायकल घेऊन काय करू? नुसतं लोढणं. खरं सांगायचं तर माझं मनही उडालंय तिच्यावरून. एक चाक मावेना, दुसरं मिळेना. लॉन्ड्रीवाल्याला सांगून ठेवतो, तो फ्रेम ट्रान्सपोर्टला टाकेल. म्हणजे तुझं पण काम झालं, माझी पण खोली मोकळी. दुर्बीणही हवी तर पाठवतो.

बघ, उगाच मला आपमतलबी म्हणतेस.

डोंगरातला पत्ता कळवतो. मध आणीन. लोभाला गोडी यावी ही विनंती.

भिंगरी

१५ एप्रिल

भिंगरी,

आशीर्वाद वगैरे पुढच्या वेळी.

फ्रेम पाठवू नकोस. घेणार नाही. ट्रान्सपोर्टवाल्याला दारातून परतवून लावीन.

माझ्या माळ्यावर तुझी तारा नसलेली गिटार आहे. फोटो धुवायची यंत्रणा आहे, ज्यामुळे माझी न्हाणी महिनाभर काळी होती. अळिंबी उगवायचे ट्रे आहेत, आणि त्यांत अजूनही काहीतरी उगवतं, काय ते बघायची माझी हिंमत नाही. यातली प्रत्येक वस्तू तू मला अशीच उदार होऊन दिलीस. ज्या दिवशी तुझं मन उडतं, त्या दिवशी तुला ताई आठवते. मी बहीण आहे, भंगारवाला नाही. तो निदान बदल्यात काहीतरी देतो.

ती सायकल मला हवी होती. आजही हवी आहे. एवढी की ती औषधी रंगाची घोडी रोज हाकायचे आणि सिग्नलला खाली बघून, वरचा दांडा बाबांच्या फ्रेमचा आहे असं धरून चालायचे. पण तुझ्या पायातलं लोढणं म्हणून नको. बाबांनी ती तुला दिली तेव्हा निदान त्यांना ती प्रिय होती. देताना त्यांचा हात अडला होता, मी बघितलं. तुझा हात कुठे अडतोय?

म्हणून मीच सगळं परत पाठवलंय. चाकं, ब्रेक, चक्र, पिशवीत निवडलेले छर्रे, जे जिथून आलं तिथे. सोमवारपासून मी पुन्हा बसने जातेय. बाबा गोणपाट शिवताना एकदाच म्हणाले, चाकाला दोरीचा चट्टा पडेल, खाली कापड घाल. मी घातलं.

जोड आणि एकदा तिच्यावर बस. मग मधमाशांकडे जा, नाहीतर मुंग्यांकडे जा. काय करायचं ते कर, पण पुन्हा मला काही देऊ नकोस.

ताई

१९ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. यावेळी साष्टांग. जागा आहे, कारण सायकल आता आडवी नाही.

डोंगरात गेलो नाही. मधमाशीवाले ट्रकपाशी वाट बघत होते, मी तुझं पत्र वाचत जिन्यात बसलो होतो. शेवटी ते गेले. जाताना टोपी परत घेऊन गेले. गोदामाच्या मालकाने पुन्हा ठेवून घेतलं. त्याला मी गेलो होतो हेही लक्षात आलं नव्हतं.

तुझं पार्सल बरेच दिवस उघडलं नाही. रागाने. मग उघडलं. छर्रे एवढे चकचकीत होते की मला त्यांची भीती वाटली. सगळं जुनंच बसवलं. माझं नवं म्हणशील तर केबल, चेन आणि टायर. क्लबच्या पोराला पापड जोडीसकट परत केला. जुनं चाक फ्रेममध्ये असं बसलं, जणू ते घरी कुणी आहे का विचारून आत गेलं. तारा तू कशा आवळल्यास ग? मी चाक फिरवून बघत बसलो, गोदामात जायला उशीर झाला.

बसलो. आता बघ, मला लांबण लावायची सवय आहे, पण इथे सांगण्यासारखं काही नाही. गोदामाच्या मागचा चढ आहे ना, तिथे बाबांच्या पाच गिअरमधला सर्वांत हलका टाकला आणि वर गेलो. धापा टाकत, पण गेलो. वरून उतरताना हँडल सोडलं तरी ती सरळ चालते. ताई, ती सरळ चालते. त्या दिवसापासून रोज तिच्यावरून जातो, आणि परत येताना उगाच लांबच्या रस्त्याने येतो. लॉन्ड्रीवाल्याने चादर टाकली तर मी त्याच्याशी भांडलो.

मला ती द्यायची अजिबात इच्छा नाही. हे तुला कळावं म्हणून तीनदा लिहिलं होतं, दोनदा खोडलं.

आज सकाळी ट्रान्सपोर्टला घातली. अख्खी, जोडलेली, कपड्यात गुंडाळून. परत जायला पाय निघेना, तर हमाल म्हणाला, माणूस बसवायचाय का आत? आणखी चार दिवस ठेवली असती तर हे पत्र लिहिलंच नसतं. मला माझी खात्री नाही, म्हणून घाईने.

बाबांना सांग, त्यांनी मागितली नाही, तू मागितली नाहीस. मी दिली.

आता लोभ असावा. चालायची सवय राहिलेली नाही, म्हणून जरा जास्तच असावा.

भिंगरी

२८ मे

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, सगळे तुलाच.

पोचली. पुढच्या ब्रेकची केबल तू हँडलच्या चुकीच्या बाजूने घातली आहेस, आणि चेनला एवढं तेल घातलंस की माझी सलवार गेली. जोडाजवळ जिथे रंग उडाला होता तिथे तू नेलपॉलिश लावलंस, ते कुणाचं आहे हे मी विचारत नाही. बाबांनी बघितलं, नखाने टोकरलं आणि म्हणाले, रंग जुळतोय.

सीट त्यांनी माझ्यासाठी खाली केली. खाली करायला वेळ लागला. तोवर मी आत जाऊन उगाच भांडी आवरली. मग निघाले, चौकापर्यंत गेले आणि परत यायचं विसरले. नदीच्या पुलापर्यंत जाऊन आले. परत आले तर बाबा फाटकाशी उभे होते आणि खालच्या बाई त्यांना विचारत होत्या, तुमची जुनी सायकल परत आली वाटतं. बाबा म्हणाले, माझी नाही, हिची आहे. आणि आत गेले. खालच्या बाईंना वाटलं, रागावले.

लॅबमध्ये आता कुणी हसत नाही, त्यामुळे जरा कंटाळा येतो.

तू ये. आलास की तुला ती फिरवायला देईन, लांबच्या रस्त्याने जा हवं तर. आधी मला विचारायचं मात्र. जोरात विचार, मीठ मागितल्यासारखं नको.

तुझी,
ताई