ती 'हो' कशी म्हणाली

टीचर, वाकोल्यातल्या तुमच्या स्वयंपाकघरातलं ते टेबल मला अजून दिसतं. एका टोकाला व्हिनेगरची बाटली, दुसऱ्या टोकाला टाइपरायटर. गिरण्यांच्या संपानंतर बाबा घरी बसले होते आणि मी नुकतीच टायपिंग शिकले होते. तुम्ही पोर्तुगीज कागदांचं इंग्रजी करून सांगायचात, मी टाइप करायचे. एकदा कुर्ल्याच्या एका वकिलांनी तुम्हाला दुभाषी म्हणून बोलावलं, टिपणं घ्यायला मीही आले. गोव्याची एक म्हातारी विधवा, पोर्तुगीज बोलणारी. गावचं घर पुतण्याच्या नावावर करायचं होतं आणि पुतण्या तिच्या खुर्चीला टेकूनच उभा. वकिलांनी विचारलं, "राजीखुशीने देताय ना?" ती 'हो' म्हणाली. मी वहीत इंग्रजीत लिहिलं, वीक आवाजात हो म्हणाली.

तुम्ही वही ओढून घेतलीत. "वीक चहा असतो गं. आवाज कसा होता ते सांग."

"बारीक होता, टीचर."

"फेंट म्हणजे लांबून आल्यासारखा. फॉल्टरिंग म्हणजे चालताना ठेचकाळावं तसा. पोर्तुगीजात फियु द व्हॉझ म्हणतात, दोऱ्याएवढाच उरलेला आवाज. हिचा तसा नाही. हिचा एंबार्गादा. नाक्यावर माल अडवतात ना, तसा गळ्यात अडवलेला."

वकिलांनाही तुम्ही हेच सांगितलंत. पुतण्या हसला, "आंटी, हो तर म्हणाली ना!" तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाहीत. "ती काय म्हणाली ते सांगितलं. कशी म्हणाली तेही सांगणं माझं काम आहे." वकिलांनी पेन खाली ठेवलं, त्याला बाहेर बसवलं आणि परत विचारलं.  मग म्हातारी 'नाही' म्हणते, जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशी. एका शब्दाने माणसाचं घर राहतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. महिन्याभरात तुम्हीच तिला गोव्याच्या बसमध्ये बसवून दिलंत.

पुढे तुमच्याकडून पोर्तुगीज शिकून मीही कोर्टात दुभाषी झाले. लोक म्हणतात, बाईंचे कान तिखट आहेत. तुम्हाला लिहिलेले हे कागद मी कपाटातच ठेवणार आहे, कारण यात एक गोष्ट आहे जी कोणाला सांगितलेली नाही. हॉस्पिटलात त्या शेवटच्या दुपारी तुम्ही माझा हात धरून काहीतरी म्हणालात. इंग्रजी होतं की पोर्तुगीज, तेही मला कळलं नाही. परत विचारायला हवं होतं. मी नुसती कळल्यासारखी मान डोलावली.