आखाजीची आगारी आणि बिनधुराचं घर

आप्पा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मला अजून तुमचा राग येतो. माणूस गेलं की त्याच्यावरचा राग निवतो म्हणतात, माझा नाही निवला. गेल्या हिवाळ्यात आईला ब्राह्मणपुरीहून शहाद्याला माझ्या फ्लॅटवर आणलं, तेव्हापासून तर तो वाढलाच, कारण आता तिचा खोकला दिवसभर माझ्या कानाशी असतो. छातीच्या डॉक्टरांनी तिची फिल्म उजेडाला धरली आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? ‘आजी, विडी किती वर्षं ओढली?’ आई हसली, हसता हसता खोकली, आणि म्हणाली, ‘विडी नई डॉक्टर, चूल.’ मला बाजूला घेऊन त्यांनी बजावलं की घरात धूर अजिबात नको, उदबत्तीसुद्धा नको. तेव्हापासून माझ्या घरात काडी पेटत नाही. देवापुढे विजेचा दिवा आहे, आणि ओट्यावर विजेचा कुकर.

या कुकरबद्दल तुम्हाला मुद्दाम सविस्तर सांगते. ऐकून तुमचं डोकं फिरलं असतं, आणि मला तेच हवंय. त्याला शिट्टी नाही, ज्योत नाही. परतायचं बटण दाबायचं, तेल तापवायचं, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण टाकायचं, काळा मसाला टाकायचा आणि झाकण लावून दूर व्हायचं. पहिल्या खेपेला मी आपल्या घरच्यासारखं केलं. तेल सुटेपर्यंत मसाल्याला पाणी दाखवायचं नाही, हे तुम्ही आईला इतक्या वर्षांत इतक्यांदा सुनावलंत की मला वाटायचं तो जगाचाच नियम आहे. मसाला बुडाला धरला, यंत्र पीं पीं करून बंद पडलं. पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा बंद. तीनदा झालं तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं की ते यंत्र तुमचं ऐकणार नाही. आता मी वाटणावर सरळ भांडंभर गरम पाणी ओतते, बूड खरवडून घेते आणि मग झाकण लावते. बारा मिनिटांत चवळी शिजते, वांगी शिजतात. झाकण काढून पुन्हा परतायचं बटण दाबलं की पाच मिनिटांत लालभडक तर्री वर येते. होय, येते. आई आधी म्हणायची, ‘ह्या डबामा भाजी कशी व्हई?’ आता खुर्चीत बसून तीच बटण दाबते, आणि एकदा मला म्हणाली, ‘माले कोनी आधी कसं नई सांगं?’ मी तर कुकर आणून सांगितलं होतं.

माझ्या पहिल्या पगाराचा कुकर आठवतो का? साधा, शिट्टीचा, पाच लिटरचा. आईसाठी आणला होता. एव्हाना गावात गॅस आला होता, पण तो फक्त तुमच्या चहासाठी. भाजी चुलीवरच, कारण गॅसवरच्या भाजीला तुमच्या मते चव नव्हती; तुम्ही गेल्यावरही आईनं ते मोडलं नाही. तुम्ही खोका उघडलात, कुकर उलटा-पालटा करून पाहिलात, आणि दुसऱ्या दिवशी मी बघते तर गोठ्यात त्याच कुकरात बैलांची सरकी भिजत घातलेली. आई पुन्हा चुलीशी वाकली. मी एसटीत बसून नोकरीच्या गावी निघून आले. तेव्हा भांडले असते तर आईची दहा वर्षं तरी वाचली असती. हा राग माझा माझ्यावर आहे, पण त्याची सुरुवात तुमच्यापासूनच होते.

आणि तो आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस. मी आठवीत आहे. आईला ताप आहे, छाती वाजते आहे, लाकडं ओली आहेत आणि घर धुरानं भरलंय. तुम्ही शेतातून येता, हातपाय धुता, ताटावर बसता. रशीची, काळ्या मसाल्याच्या रश्श्याची, वाटी उचलून तिरकी करता, कडेला तेल धावतंय का पाहता. धावत नाही. ‘हाई काय शे? याले रशी म्हंतस का?’ वाटी सरकवता. आई उठते, पाट्यापाशी बसते, पुन्हा वाटण वाटते, पुन्हा चुलीशी वाकते. फुंकणीनं फुंकताना तिला खोकल्याची उबळ येते, थांबतच नाही. तुम्ही काय म्हणालात ते मी शब्दाला शब्द सांगू शकते. ‘बाहेर जाईसन खोकल.’ ती बाहेर जाऊन खोकली, परत आली आणि रशी केली. तुम्ही दोन वाट्या घेतल्यात, ढेकर दिलात. चांगली झाली असं म्हणाला नाहीत. आम्ही दोघी तुमच्या मागून जेवलो, नेहमीसारख्या.

आता यंदाची आखाजी. मी कुकरात डाळ शिजवली, पुरण केलं, कटाची रशी केली, पोळ्या विजेच्या शेगडीवर भाजल्या. सगळं झालं आणि आई म्हणाली, ‘आते आगारी.’ तुमच्या नावाची घागर तिनं सकाळीच भरली होती, पण आगारी म्हणजे गेलेल्याच्या नावाचा घास; तो विस्तवावर जळल्याशिवाय तुमच्यापर्यंत पोचत नाही, आणि तो पोचेपर्यंत ती तोंडात पाणी घालत नाही. सकाळच्या गोळ्या तशाच टेबलावर होत्या. दुपारचे दोन वाजले होते, तिचे ओठ सुकले होते. मी म्हटलं, आई, घरात धूर चालणार नाही. ती म्हणाली, ‘तुन्हा बापले उपाशी ठेवशी का?’ मुलगा नाही म्हणून तुम्ही जन्मभर तिला ऐकवलंत, तीच बाई तुमच्यासाठी पोरीपुढे हात जोडत होती. माझ्या मनात आलं, म्हणावं, ठेवीन उपाशी. पण तिचा श्वास चढलेला पाहिला आणि ताट घेऊन गच्चीवर निघाले. तिला चार जिने चढणं शक्य नव्हतं. एका हातात ताट, दुसऱ्या हातात आईनं मागवून ठेवलेली गोवरी, तूप आणि काडेपेटी.

गच्चीवर ऊन नुसतं पेटलं होतं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत मी गोवरी ठेवली, काडी काढली, आणि हात पुढे जाईना. चार मजले खाली ती बाई तहानलेली बसली आहे, तिच्या छातीचं तुम्ही जे केलंत ते केलंत, आणि मी इथे तुमच्यासाठी धूर करणार? मी काडी पुन्हा पेटीत ठेवली. मांडी घातली आणि तुमचं ताट खाल्लं. पुरणाची पोळी, कुरडई, आमरस, रशीची वाटी तर तोंडाला लावून प्यायले. सगळं संपवलं. गोवरी तशीच टाकीमागे सरकवून खाली आले.

आई दारातच होती. ‘आगारी टाकी उनी?’ मी ‘हो, टाकून आले’ म्हटलं. तिनं माझी ओढणी हातात घेतली, नाकाशी नेली. साठ वर्षं चुलीपुढे काढलेल्या बाईला धुराचा वास आहे की नाही हे सांगावं लागत नाही. मग तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं, ती रशीनं पिवळी झाली होती. मी वाट पाहत होते, आता ही रडेल, नाहीतर मला पुन्हा वर पाठवील. तिनं ओढणी सोडली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, ‘वाढ माले. भूक लागनी.’ पोटभर जेवली, दोनदा रशी मागून घेतली, गोळ्या घेतल्या. तुमचं नाव त्या दिवशी पुन्हा निघालं नाही.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचवायचं तर जाळावंच लागेल, आणि माझ्या घरात काही जळत नाही. म्हणून ते राहील इथेच, कुकरच्या माहितीपुस्तिकेत घालून. एक गोष्ट मात्र आईलाही सांगितलेली नाही. गच्चीवर तुमचं ताट पुढ्यात घेतल्यावर मी लगेच घास उचलला नव्हता. सवयीनं थांबले होते, तुम्ही आधी जेवाल म्हणून.