सावंतकाकांचं ‘हां’

७ ऑगस्ट, गुरुवार. मुलुंड

भीती वाटतेय. बाबांच्या कारखान्यातल्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवायचं खूळ माझंच ना? मग भोगा आता.

प्रेसवर दोघं असायचे. सावंतकाका साच्यात पत्रा ठेवायचे, हात बाहेर काढून ‘हां’ म्हणायचे आणि मगच बाबा पायडल दाबायचे. काकांची तीन बोटं गेली तेव्हा बाबांनी साहेबांना सांगितलं, सावंतने घाईत आधीच ‘हां’ म्हटलं. काकांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तेही आजवर म्हणत आले, “चूक माझीच.”

आज बाबा खुर्चीत बसून करून दाखवत होते. ‘हां’ म्हणायचे, पाय दाबायचे. पुन्हा ‘हां’, पुन्हा पाय. मग एकदा नुसताच पाय दाबला आणि थिजल्यासारखे बसले.

“तो हां बोललाच नव्हता रे. डबल पाळी होती, मला डुलकी लागली.”

सगळं रेकॉर्ड झालंय. पुसून टाकू? मोबाईल पालथा ठेवलाय, तरी तिकडेच बघतोय.

आत्ताच काकांचा फोन आला. “रविवारी येतंय रेकॉर्डिंग ऐकूक. सगळा ऐकवशील ना रे?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “हां.”