मोटारीचा आवाज

रावसाहेब व्याही, खर्ड्याला राम राम.

हे पत्र लिहितोय खरं, पन टपालात टाकायचं धाडस व्हईल असं वाटत न्हाई.

तुमच्या लेकीनं, ज्ञानेश्वरीनं राहात्यात पान्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान टाकलं, तवा मी महिनाभर तिकडं फिरकलो न्हाई. आता रोज जाऊन बसतो. लोक विहिरीवरनं फोन करून मोबाईल चालू मोटारीजवळ धरत्यात, आन ही हितं भाकरी खाता खाता नुसत्या आवाजावरनं सांगती काय बिघडलंय. मी नुसता बघत राहतो.

काल एका शेतकऱ्यानं मोटार आनली. तिनं स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटारीला टेकवलं, मूठ कानाला लावली, मग मला म्हनली, "मामा, तुमी ऐका बरं." मला फकस्त घरघर ऐकू आली. पन चार गिऱ्हाइकं बघत हुती, म्हनून ठोकून दिलं, "बेअरिंग गेलंय."

तिनं मोटार खोलली. बेअरिंग नवंकोरं हुतं. त्याच्या शेजारच्या पंख्याचं पातं वाकून झाकनाला घासत हुतं. माझ्याकडं न बघता तिनं ते सरळ केलं आन शेतकऱ्याला म्हनली, "मामांचा कान तयार हाय. बिघाड त्याच बाजूला हुता."

लग्नाच्या मांडवात तिच्या नखांतलं काळं ऑइल पावन्यांना दाखवून मी तुमाला खाली मान घालायला लावली हुती. काल तिनं चार लोकांत माझी मान खाली जाऊ दिली न्हाई.

मोटार तुमी शिकवली, हे ठावं हाय. पन हे कुनी शिकवलं, व्याही?

तुमच्या लेकीचा सासरा,
कारभारी