भिंतीवरचे चेहरे

ताई,
तुला आणि भाऊजींना नमस्कार.

मी ठणठणीत आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

नगरपालिकेने आमच्या चित्रशाळेचं अनुदान बंद केलं. तिथे आता गोदाम होणार. मला मात्र लगेच रंगाऱ्याचं काम मिळालं. पहिलंच काम त्याच इमारतीत निघालं. वस्तीतल्या लोकांनी माझ्याकडे शिकून आपापल्या माणसांच्या चेहऱ्यांनी रंगवलेली भिंत पांढरी करायची होती.

शिवणकाम करणाऱ्या मावशी धावत आल्या. "मास्तर, आमचे हे गेले, घरात फोटोसुद्धा नाही. त्यांचा चेहरा तेवढा राहू द्या हो."

मुकादम समोरच उभा होता. मी ब्रश फिरवला. रंगाच्या एका हातात चेहरा झाकला गेला नाही, दुसरा हात द्यावा लागला. मावशी तोवर तिथेच उभ्या होत्या.

आईला एवढंच सांग, की मला काम आहे.

तुझा धाकटा