खांबाच्या मानेवरचं तेल

वस्ताद,

काल टीव्हीवर रशियाची एक बाई बर्फावर नाचताना पाहिली. पायात लोखंडी पात्यांचे बूट, आणि अंगात हाडंबिडं आहेत की नाहीत असा संशय यावा इतकी लवचीक. बरीच वर्षं तिनं पहिला नंबर कुणाला मिळू दिला नाही म्हणे, आणि आता आपणहून थांबते आहे. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, फुलं टाकत होते. नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या मल्लखांबासारखंच आहे की हे." मी तिच्यावर उगीच खेकसलो. पोर हिरमुसून आत गेली. ती बाई आपणहून थांबली हे ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, आणि आज मी हा कागद घेऊन बसलोय.

तुमच्याइतकी वर्षं खांबावर कुणी काढली नसतील. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत जिथं म्हणून खांब रोवला, तिथं मानाचा फेटा तुमचाच. रहिमतपूर, विटा, पाटण, सगळीकडे लोक गाड्या जुंपून यायचे ते तुमचा तोल बघायला. खांबाच्या टोकावरच्या बोंडावर पोट टेकवून तुम्ही हातपाय मोकळे सोडायचात, आणि खाली माणसं श्वास घ्यायला विसरायची. तेव्हा तुमची चाळिशी उलटली होती. मी बावीस वर्षांचा, तुमच्याच हाताखाली तयार झालेला, आणि मनातल्या मनात स्वतःला तुमच्याहून सरस समजणारा. पण आपल्या तालमीचा रिवाज कडक. वस्ताद स्पर्धेत उतरताहेत तोवर शिष्यानं उतरायचं नाही. तुम्ही काही थांबत नव्हतात. मी आपला दरवर्षी तुमच्या खांबाला एरंडेल चोळत होतो.

एकदा धीर करून बोललोही होतो. तुमच्या स्वयंपाकघरात आपण दोघं जेवायला बसलो होतो आणि काकी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मी म्हणालो, "वस्ताद, आता आमाला बी जरा उतरू द्या की." तुम्ही भाकरी कुस्करता कुस्करता हसलात. "उतरशील रं. माझं हात सांगतील तवा थांबीन. त्येच्या आदी तू नगं सांगूस." काकींनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. ती मी कशीबशी संपवली.

खांबाला तेल हवंच, नाहीतर कातडं सोलून निघतं. पण तुमच्या मांड्यांची पकड सैल पडायला लागली होती, हे फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक होतं. म्हणून तुम्ही चढायच्या आधी मी वर जाऊन खांबाची मान, म्हणजे बोंडाखालचा बारीक भाग, कोरड्या फडक्यानं पुसून यायचो. लोकांना वाटायचं, शिष्य आधी वर जाऊन बोंडाला नमस्कार करतो. तुमचं ते गुपित सांभाळण्याचा मला केवढा अभिमान होता.

युद्धाचे दिवस होते. तालमीतले निम्मे गडी पलटणीत गेले होते, तरी सांगलीची स्पर्धा झाली. मी वर जाऊन आलो. मग तुम्ही सलामी देता आणि चढता. मानेपाशी पोचता, हातांनी आणि मांड्यांनी खांब आवळता, आणि सावकाश खाली यायला लागता. पडत नाही, नुसते घसरत येता. पुन्हा चढता, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तुम्ही चढत नाही. खांबाला हात लावून तो छातीला लावता, आणि सदरा उचलून चालू लागता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या कीव करणाऱ्या टाळ्या होत्या, आणि मला त्या अजून ऐकवत नाहीत.

परतीच्या गाडीत तुम्ही विचारलंत, "मान पुसली हुतीस न्हवं?"

"व्हय, वस्ताद."

मग पुन्हा, अगदी हळू आवाजात, "आठव रं जरा. गडबडीत ऱ्हायलं आसंल. तसं आसंल तर सांग, मी रागावणार न्हाई."

तो तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्हाला माझ्या तोंडून 'राहिलं' एवढाच एक शब्द हवा होता. तो मिळाला असता तर चार शिव्या हासडून पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा उभे राहिला असता.

"न्हाई वस्ताद, चांगली दोनदा पुसली," मी म्हणालो.

"मग हातच गेलं माझं," तुम्ही म्हणालात, आणि आपलं रहिमतपूर येईपर्यंत स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसलात.

पुढच्या वर्षी सांगलीला मी उतरलो. माझ्या खांबाला तेल चोळलंत ते तुम्ही. पहिला आलो तेव्हा स्वतःचा जुना फेटा माझ्या डोक्यावर बांधलात, आणि बांधताना तुमचे हात जराही थरथरले नाहीत. ते हात चांगलेच होते, वस्ताद. काकी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दारातल्या खांबाला पुन्यांदा शिवलं न्हाईत रं ते." दोन वर्षांनी तुम्ही तापानं गेलात. मी पाटणला खेळत होतो. निरोप मिळून पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

माझ्या बायकोला मी हे एकदा सांगितलं होतं, की त्या दिवशी घाईत मान पुसायची राहून गेली आणि तुमच्यापुढं ते कबूल करायची हिंमत झाली नाही. ती म्हणाली, विसरतं माणूस, किती मनाला लावून घ्याल. मीही तसंच धरून चाललो. आता हा कागद तुमच्या फेट्याच्या घडीत ठेवून देतो. तुमच्या हाती तो पडायचा नाही, म्हणूनच एवढं तरी लिहवलं. राहून गेलं नव्हतं, वस्ताद. मी वर गेलो, बोंडाला नमस्कार केला आणि खाली आलो. फडकं कमरेलाच खोचलेलं होतं.