ठाऊक नाही

लकडगंज, नागपूर
सप्टेंबर १९७३

प्रिय मार्तंडा,

यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाचं बोलावणं आलं नाही म्हणून भिलाईत बसून तू माझ्या नावानं बोटं मोडली असशील. बोलावणार कसा? मांडल्याच नाहीत. मुखवटे डब्यातच राहिले. प्रेमलताला पाटावर बसवत नाही, अन् मला त्यातलं काय कळतं? शेजारच्या यमुताईंनी त्यांच्याकडची आंबील आणून दिली. चमचाभर घेतली तिनं, तीही पोटात राहिली नाही.

जूनपासून पोटाचं दुखणं आहे. अल्सर आहे असं तिला सांगितलंय. अल्सर नाही गा. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की दिवाळी निघणार नाही, बाईंना कळू देऊ नका. मी कळू दिलं नाही. सकाळी पेज द्यायची, कचेरीत जायचं, परत आलो की आज चेहऱ्यावर तजेला दिसून राहिला म्हणायचं. तीन महिने हे सोंग मला बिनबोभाट जमलं, याचं माझं मलाच नवल वाटतं.

तू पंगतीत पहिल्या पाटावर बसायचास, आणि दुसरी पुरणपोळी पानात पडली की वहिनी, तुमची देवी काही नाहीच बरं का, असं मुद्दाम काढायचास. मग ती तुपाची वाटी घेऊन तुझ्यासमोर उभी. देवी नाही तर कोणाची पोळी हाणून राहिले भावजी, म्हणून तुला फैलावर घ्यायची. शेवटी तुम्ही दोघं माझ्यावर घसरायचात की सांगा, आहे की नाही? माझं आपलं ठरलेलं, ठाऊक नाही. तू म्हणायचास, तळ्यात की मळ्यात ते एकदा ठरव लेका. ती म्हणायची, भावजी निदान नाही तरी म्हणतात, तुमच्या तोंडाला काय कुलूप आहे?

तुला वाटतं, माझं म्हणणं तुझंच आहे, फक्त मला हिंमत नाही. तसं नाही रे. तुझे बाबा गेले त्या दिवशी मला ते नीट समजलं. तू त्यांच्या तोंडात गंगाजल घातलंस, तुळशीपत्र ठेवलंस, कानाशी वाकून म्हणालास, बाबा, वैकुंठाला चाललात. तुझा आवाज जरासुद्धा हलला नाही. घाटावरून येताना मी विचारलं तर म्हणालास, पाणीच तर होतं, त्यांना बरं वाटलं, माझं काय गेलं? खरंच तुझं काही गेलं नव्हतं. तिकडे काही नाही याची तुला खात्री. मला नाही. जिथे काही असेलही, तिथलं खोटं सांगायला माझी जीभ रेटत नाही. तुझ्या जागी मी असतो तर बाबांना पाणीसुद्धा पाजू शकलो नसतो. याला तू काय म्हणायचं ते म्हण.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आमची इंदू सहाव्या वर्षी विषमज्वरानं गेली, तेव्हा तेराव्याच्या दिवशी प्रेमलतानं मला विचारलं, ती कुठेतरी असेल ना हो? मला भेटेल ना? आणि मी म्हणालो, ठाऊक नाही. बापानं असं म्हणावं? महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. पण पुढे दरवर्षी इंदूच्या तिथीला ती तेच विचारायची, मी तेच सांगायचो, अन् ती दगड आहात दगड म्हणून चहा टाकायला उठायची. बावीस वर्षांत आमच्या घरची ती रीतच झाली.

परवा तिथी होती. पडल्या पडल्याच तिनं विचारलं. तिचा हात माझ्या हातात होता, नुसती हाडं. मला राहवलं नाही. म्हटलं, माझं तरी काय जातं? मी म्हणालो, हो, भेटेल. नक्की भेटेल.

वाटलं, खुश होईल. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हात सोडवून गोधडीत घेतला आणि अगदी सावकाश म्हणाली, म्हणजे अल्सर नाही ना?

बावीस वर्षं ज्यानं हो म्हटलं नाही त्यानं हो म्हटलं, तिला आणखी काय सांगायला हवं होतं? जे डॉक्टरांपासून यमुताईंपर्यंत सगळ्यांनी झाकलं ते मी एका शब्दात उघडं केलं. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून असते. रडत नाही, चिडत नाही. मी पेज दिली की पिते. काल एवढंच म्हणाली, भावजींना बोलावून घ्या.

म्हणून हे पत्र. मिळेल त्या गाडीनं ये. ती तुलाही विचारेल. तुझं मन मी जाणतो, तिला बघून तू विरघळशील. तेवढं करू नकोस. पाया पडतो तुझ्या, तू नाहीच म्हण. पूर्वीसारखं ठासून, चिडवून म्हण. उठून बसून तिला तुझ्याशी एकदा भांडू दे. तुझ्या तोंडून हो ऐकलं, तर तिला वाटेल, आता आजचाच दिवस.

वाट पाहून राहिलेला,
तुझाच
मधुसूदन